रशीद फोटो यांजकडून सप्रेम भेट

आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरात तोंडाळ माणसांची टंचाई कधीच नव्हती. पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर त्याच्याच तोंडाबद्दल बोलून धंदा चालवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे रशीदभाई फोटोवाले. माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आणि त्यांचा स्टुडिओ यांच्यामध्ये एक भिंत होती. ती विटेची होती, पण रशीदभाईंच्या आवाजापुढे तिचं काही चालत नसे. माझ्याकडे मुलं यंत्रं बडवत बसायची आणि पलीकडून ऐकू यायचं, "मान सरळ करा. सरळ म्हंतलं म्या, तानून नाई. तुमी काय मिल्ट्रीत भरती होऊन राहिले?" माझी मुलंसुद्धा खुर्चीत ताठ व्हायची.

कोणी फोटो घेऊन परत आलं आणि "बरा नाही आला हो" म्हणालं, की रशीदभाई चष्मा कपाळावर चढवून आधी फोटोकडे आणि मग माणसाकडे पाहत. "आला न जी. जसे तुमी आले तसाच आला." गिऱ्हाईक चिडायचं, पण परत त्यांच्याकडेच यायचं. कारण हा माणूस फोटो चांगला काढायचा, आणि आपल्या गावात ज्याचं काम चांगलं त्याला उर्मटपणाचा परवानाच मिळतो.

अंगाने काटकुळे, दाढीला मेंदी, मे महिन्यातही अंगात ते खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि गळ्यात कॅमेरा. भाजी आणायला जातानाही तो गळ्यात असायचा. मी एकदा म्हटलं, "रशीदभाई, वांग्यांचे फोटो काढता काय?" तर म्हणाले, "वांगे बरे मास्तर. वांगे म्हनत नाईत, मले गोरं कर." पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक रंगवायचं कामही त्यांच्याकडे यायचं आणि ते करताना त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा. "याचे मुरूम काढ, त्याचं टक्कल झाक. पाच वर्सं हा मानूस गल्लीत दिसला नाई, अन् फलकावर म्हनते हात जोडलेला पाह्यजे."

पुढाऱ्यांबद्दल ते बोलत त्यात काही विशेष नव्हतं. तेव्हा वऱ्हाडात सगळेच बोलत. ती वर्षंच तशी होती. कापसाचं सगळं बिनसलं होतं आणि खेड्यांतून धडधाकट माणसं एकाएकी जात होती. कसा गेला, हे कोणी विचारत नसे. मुंबई-दिल्लीहून पत्रकारांच्या गाड्या भरभरून येत आणि परत जात. त्या गाड्यांतल्या लोकांना बाई पाहिजे असायची, डोक्यावर पदर घेतलेली, हातात नवऱ्याचा फोटो धरलेली. नवऱ्याचा फोटो नसलेली बाई त्यांच्या काही कामाची नव्हती. असाच एक जण रशीदभाईंच्या दुकानात येऊन म्हणाला होता, की तुमच्याकडे मेलेल्यांचे फोटो मिळतात असं कळलं. रशीदभाईंनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "तुमचा काढून ठेवू काय एक? कामी येते." तो गाडीत बसून गेला तो पुन्हा गल्लीत दिसला नाही.

पण हे खरं होतं की लोक त्यांच्याकडे मेलेल्यांच्या फोटोसाठी येत. शेतकऱ्याच्या घरी फोटो कुठला? लग्नात निघाला तो एक, तोही वाळवीने खाल्लेला. मग माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला तोंड हुडकत फिरायचं. अशा वेळी कोणाला तरी आठवे की अमक्याच्या लग्नात रशीदभाई फोटो काढत होते आणि आपला माणूस तिथे पंगतीत होता. जुन्या निगेटिव्ह मोर्णा नदीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. सीडी काढून पाहिल्या, तर अकोल्याच्या उन्हात त्यांचे पापुद्रे निघाले. म्हणून रशीदभाईंनी कॉम्प्युटर घेतला आणि जे काही वाचलं होतं ते, आणि त्यानंतर काढलेलं सगळं, त्यात घातलं. बाळापूर तालुक्यातली कितीतरी लग्नं, बारशी, गावजेवणं त्या डब्यात होती. नवरदेव मध्ये आणि कडेला, मागे, अर्धवट कापलेली बाकीची माणसं. रशीदभाईंच्या धंद्यात नंतर नवरदेवाला किंमत राहिली नाही, कडेच्या माणसांना आली.

मोठ्या रस्त्यावर दुसरा एक स्टुडिओ होता. तो मेलेल्या माणसाला कोट-टाय घालून द्यायचा. म्हणजे मुंडकं आपलं आणि खाली कॉम्प्युटरातला निळा कोट. सगळ्यांना तोच कोट. लोकांना ते फार आवडे. एकदा एक जण आपल्या मोठ्या भावाचा फोटो करून घ्यायला रशीदभाईंकडे आला आणि म्हणाला, कोट घाला.

"जितेपनी काय घालत होता तुमचा भाऊ?"

"बंडी घालत होता जी."

"मंग मेल्यावर कोट कोनी शिवला त्याले? सरकारनं?"

मला राग आला. दुःखात आलेल्या माणसाला असं बोलायचं काही कारण नव्हतं, आणि तसं मी त्यांना नंतर म्हटलंही. ते म्हणाले, "मास्तर, त्याच्या पोरानं उद्या भिंतीकडे पाहून इचारलं, हा साहेब कोन, तर?" मग दिवसभर खपून त्यांनी त्या भावाचं तोंड साफ केलं. बंडीची गुंडी तुटलेली होती, ती तशीच ठेवली. कपाळावरचा घामही ठेवला.

कॉम्प्युटर आला तसा रशीदभाईंना चोराचा ध्यास लागला. चोराइतका त्यांनी कोणाचाच विचार केला नसेल. त्यांचा भाचा परवेझ अमरावतीला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. त्याला बोलावून घेतलं. परवेझने सांगितलं, "मामू, चोर तुमचे फोटो पाहात नाई. चोर मशीन दुकानदाराले इकते, दुकानदार फॉरमॅट मारते. चहा थंडा व्हायच्या आत सगळं साफ. मंग थे मशीन नवं. कोनाचं होतं, कोनी इचारत नाई."

"साफ म्हंजे?"

"म्हंजे काईच राहत नाई."

रशीदभाई इतका वेळ बसून राहिले की त्यांच्या बशीतल्या चहावर साय धरली. मग परवेझने त्यांना उपाय सांगितला. बाहेरच्या डब्याला कितीही कुलपं घाला, त्याने काही होत नाही, आत फोटो ज्या डिस्कवर असतात तिलाच कुलूप घालता येतं. मशीन चालू करताना ती एक शब्द मागते. शब्द आला नाही तर ती उघडत नाही, पुसता येत नाही आणि दुसऱ्या मशीनला जोडूनही चालत नाही. "मंग थे चोराच्या कामाची नाई न दुकानदाराच्याई कामाची नाई. पन मामू, तुमी इसरले तर तुमच्याई कामाची नाई." रशीदभाईंना ही व्यवस्था बेहद्द आवडली. कोणाच्याच कामाची नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरून होतं. कुलूप परवेझने घातलं, शब्द त्यांनी घातला आणि तो परवेझलाही सांगितला नाही.

तरी समाधान झालं नाही. एक साखळी आणून मशीन टेबलाच्या पायाला बांधलं. मग म्हणाले, डब्यावर नाव पाहिजे, लग्नातल्या भांड्यावर असतं तसं, खोदलेलं, घासून न जाणारं. भांड्यांच्या दुकानासमोर गणपत बसायचा. हातात ते विजेचं टोकदार यंत्र आणि पुढ्यात ताटं-गंजांचा ढीग. लग्नसराईत त्याला मान वर करायला फुरसत नसे. रशीदभाई डब्याचा पत्रा काढून त्याच्याकडे घेऊन गेले, "रशीद फोटो, जुने शहर, अकोला असं टाक, मोठं टाक" म्हणाले आणि शेजारच्या दुकानदाराशी भांडायला वळले. भांडण कशावरून होतं ते आठवत नाही. त्यांना कारण लागत नसे.

गणपतने उभ्या जन्मात नावापाशी यंत्र थांबवलं नव्हतं. त्याने पत्ता लिहिला आणि पुढे सवयीने, वळणदार अक्षरात, "यांजकडून सप्रेम भेट" असं लिहून खाली दोन बाजूंना दोन फुलंही काढली.

"बे गणपत," रशीदभाई पत्रा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "मी कोनाले भेट देऊन राहिलो?"

गणपत म्हणाला, खोडून देतो. पण खोडलेल्या नावाचं भांडं म्हणजे चोरीचं भांडं, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चोरीला जाऊ नये म्हणून नाव टाकायचं आणि तेच खोडून आपलाच माल चोरीचा करायचा, हे काही पटेना. तेव्हा भेट राहिली, फुलंही राहिली. गल्ली बरेच दिवस हसत होती आणि रशीदभाई बरेच दिवस गल्लीची अक्कल काढत होते.

त्याच सुमारास सुलोचना आली. बाळापूरकडच्या एका खेड्यातली, पंचविशीच्या आतली बाई, कडेवर वर्षाची मुलगी. नवरा जाऊन महिना झाला होता. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. लग्न देवळात झालं होतं, तिथे कोण फोटो काढतो. "वाडेगावच्या लग्नात थे पंगतीत वाढून राह्यले होते," ती म्हणाली. "तुमी होते तवा फोटू काढाले. पोरगी मोठी झाली तर इचारन न भाऊ, माहा बाप कसा होता. मी काय सांगू? नाक असं, डोये असे?"

रशीदभाईंनी दोन दिवस ते लग्न पालथं घातलं. तो सापडला. नवरदेवाचा मामा जेवत होता, त्याच्या मागे हातात बुंदीची बादली घेऊन, कोणाच्या तरी कोपरामागे अर्धा झाकलेला, तोंडभर हसत. सुलोचनाला दाखवलं तर तिने हात पुढे केला.

"बोट नोको लावू, डाग पडते," रशीदभाई खेकसले. मग पडदा तिच्या बाजूला वळवला, उठले आणि चहाच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभे राहिले. चहा काही प्यायले नाहीत. भिंतीपलीकडे ती रडत होती आणि माझ्या मुलांनी यंत्रं थांबवली होती. मला तेव्हा रशीदभाईंबद्दल जे वाटलं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी माझीही अक्कल काढली असती.

तेवढ्यात लोडशेडिंग झालं, फोटो छापायचा राहिला. शिवाय ते कोपर काढून खांदा नीट करायचा होता. "शुक्रवारी ये," ते म्हणाले.

आणि शुक्रवारी मशीन गेलं.

रशीदभाई नमाजाला गेले होते. जाताना दारात आडवी खुर्ची ठेवून गेले. आमच्याकडे दुकानात आडवी खुर्ची म्हणजे बंद, हे सगळ्यांना कळतं. वीज नव्हती म्हणून सगळी गल्ली ओट्यांवर बसली होती. दोन जण रिक्षा घेऊन आले, शर्टाच्या खिशाला पेचकस लावलेला. रशीदभाईंनी पाठवलंय, मशीन दुरुस्तीला न्यायचं आहे, म्हणाले. मग आमच्या गल्लीची माणुसकी जागी झाली. एकाने खुर्ची सरकवली. पानवाल्याने टेबल उचलून धरलं, म्हणजे पायातून साखळी निघेल. एका म्हाताऱ्याने "हळू न्या, रशीदभाईचा जीव हाय त्याच्यात" अशी सूचना केली. कोणी तरी वरून पोतंही टाकलं, ऊन लागू नये म्हणून. मी त्या दिवशी परीक्षेच्या कामाला बाहेर होतो, नाहीतर रिक्षात बसवायला मीही हात लावला असता. इतकी साखळी, इतकी कुलपं, आणि गल्लीने चोराला पोरीची पाठवणी करावी तसं वाटेला लावलं.

रशीदभाई परतले तेव्हा दारात सुलोचना उभी होती. पिशवीत तिने फोटोसाठी काच आणि चौकट आणली होती.

ठाण्यात त्यांना विचारलं, मशीनमध्ये काय होतं? "अर्धा तालुका होता साहेब," रशीदभाई म्हणाले. साहेबांनी "कौटुंबिक छायाचित्रे" असं लिहून घेतलं. गल्लीतले शहाणे म्हणाले, जाऊ द्या, दुसरं घ्या. परवेझने फोनवर धीर दिला, मामू, डिस्कले कुलूप हाय, कोनी पुसू शकत नाई.

"मंग चोर काय करन तिचं?"

परवेझ म्हणाला, "चालली नाई तर फेकून देतात मामू. भंगारात."

त्यानंतर पलीकडून आवाज यायचा बंद झाला. रशीदभाई गिऱ्हाइकाला "बसा, पाहा, झालं" एवढंच म्हणत. लोकांना आनंद व्हायला हवा होता, पण ते अस्वस्थ झाले. एकाने तर मला विचारलं, "मास्तर, रशीदभाई नाराज हायेत काय माह्यावर? काई बोललेच नाईत." सुलोचना दर शुक्रवारी यायची, ओट्यावर बसायची, काही विचारायची नाही. ती दिसली की रशीदभाई आतल्या अंधाऱ्या खोलीत जात. ज्याला कोणाचं भय नव्हतं असा माणूस एका पोरीपासून लपताना मी पाहिला. मला ते सहन होत नसे.

इकडे मशीन, हे आम्हाला मागाहून कळलं, अमरावतीला पोचलं होतं. घेणाऱ्या दुकानदाराने फॉरमॅट मारायला घेतलं आणि ते शब्द मागायला लागलं. त्याने ते एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं, त्याने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. कोणालाच उघडेना, आणि भंगारात टाकायला कोणाचं मन होईना, कारण प्रत्येकाला वाटे की आपल्याला जमेल. आपली हुशारी दाखवायची ही खोड वऱ्हाडात एवढ्या एका वेळी कामी आली. फिरत फिरत ते परवेझच्या टेबलावर आलं. त्याने पोतं काढलं तर समोर दोन फुलं आणि मामूचं नाव.

त्याने मशीन तिथल्या ठाण्यात जमा केलं आणि मामूला फोन केला. रशीदभाई आणि मी पहिल्या बसने अमरावतीला गेलो. ठाण्यात दुकानदार आधीच येऊन बसला होता, पांढरेशुभ्र कपडे घातलेला. "साहेब, ही भेटवस्तू आहे," त्याने पत्र्यावर बोट ठेवलं. "देणाऱ्याचं नाव, पत्ता, सगळं खोदलेलं आहे. ज्याला भेट मिळाली त्याने मला विकली. यात चोरी कुठे आली?"

साहेबांनी पत्रा वाचला. "तुम्हीच रशीद फोटो ना? मग ही भेट कोणाला दिली होती?"

इथे कोणाही शहाण्या माणसाने गणपतची गोष्ट सांगितली असती. रशीदभाईंच्या तोंडाला महिनाभर कुलूप होतं, ते नेमकं इथे निघालं.

"चोराले देली!" ते कडाडले. "वाढदिवस होता त्याचा!"

आणि कोपऱ्यातल्या लेखनिकाने, मान खाली घालून, ते जबाबात लिहून घेतलं.

मी गणपतची गोष्ट सांगून सारवासारव केली. साहेब म्हणाले, तुमचं असेल तर उघडून दाखवा. रशीदभाईंनी आडोसा करून शब्द घातला. मशीन गुरगुरलं आणि पडद्यावर लग्नं यायला लागली. ठाण्यातले शिपाई भोवती जमले. रशीदभाईंनी वाडेगावचं लग्न काढलं, बुंदीची बादली काढली, तो चेहरा मोठा केला आणि साहेबांना सांगितलं की हा एवढा एक छापून नेऊ द्या. साहेब माणूस वाईट नव्हते. पण मुद्देमाल तो मुद्देमाल, कोर्टाच्या हुकमाशिवाय त्यातलं काही नेता येत नाही, असं म्हणाले. एवढं म्हणेपर्यंत खटकन आवाज झाला. रशीदभाईंनी गळ्यातला कॅमेरा उचलून पडद्याचाच फोटो काढला होता.

"हे काय केलं?"

"तुमच्या ठान्याचा फोटो काढला साहेब. लई सुंदर हाय."

त्या फोटोत चेहऱ्यावरून पडद्याच्या काळ्या आडव्या रेघा गेल्या होत्या. खांद्यावर ते परकं कोपरही तसंच होतं. शुक्रवारी रशीदभाईंनी तो सुलोचनाच्या हातात दिला आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले, जणू काही मीच तो खराब केला होता. तिने बराच वेळ पाहिला. मग मुलीला म्हणाली, "पाह्य, हसून राहिले." रेघांचं तिने नावही काढलं नाही.

मशीन मात्र सुटलं नाही. कोर्टात दुकानदाराच्या वकिलाने जबाब वाचून दाखवला. फिर्यादीने स्वतः म्हटलं आहे की वस्तू चोरास वाढदिवसानिमित्त भेट दिली. कोर्टात हशा पिकला. पण मालकीचा वाद आहे म्हणून मशीन निकालापर्यंत मुद्देमालाच्या खोलीत राहील, असा हुकूम झाला. आपल्याकडे निकालापर्यंत म्हणजे काय ते सांगायला नको. एका माणसाची जीभ आणि दुसऱ्याचं खोदायचं यंत्र वेळेवर थांबलं नाही, आणि अर्धा तालुका ठाण्यात जमा झाला.

रशीदभाई मग दर तारखेला अमरावतीला जायला लागले. दर तारखेआधी लोक त्यांना सांगून ठेवत, अमक्याच्या लग्नात आमचा बाप होता, तमक्या बारशात माझी बहीण. मुद्देमालाच्या खोलीवर भगत नावाचे हवालदार होते. मशीन चालू स्थितीत आहे की नाही हे पाहायला पाहिजे, असं कारण काढून ते रशीदभाईंना आत घेत आणि रशीदभाई पडद्यावरचे चेहरे कॅमेऱ्यात भरून आणत. सगळ्यांच्या तोंडावर त्याच रेघा. कोर्टाने एकदा सुचवलं की शब्द लिहून द्या, म्हणजे सोयीचं होईल. रशीदभाई म्हणाले, "शब्द देला तर उद्या तुमचा शिपाई मशीनवर पत्ते खेयन." त्यांच्याच वकिलाने कपाळावर हात मारून घेतला.

मग वयाने त्यांचा हात कापायला लागला. शब्द चुकायला लागला. काही वेळा चुकला की डिस्क हटून बसायची, मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागे आणि भगत दाराकडे पाहत राहत. एका तारखेला काहीच उघडलं नाही, रशीदभाई रिकाम्या हाताने आले. मी म्हटलं, "परवेझला सांगून ठेवा. नाहीतर मला सांगा. तुमच्यामागे काय?"

"परवेझ दुकानदारांत उठते-बसते. अन् तुमी मास्तर लोकं, तुमाले शिकवल्याशिवाय राहवत नाई."

दोन-चार दिवसांनी ते सुलोचनाला घेऊन माझ्याकडे आले. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. "हिले टायपिंग शिकवा. इंग्रजीचा सगळा बोर्ड शिकवा, एकई अक्षर सोडू नोका. कोनते लागतात थे तुमाले सांगत नसतो मी." मी तिला शिकवलं. शेतातून येऊन यंत्रापुढे बसायची, बोटं जाड, पण चुकायची कमी. ओट्यावर बसून रशीदभाई तिला पलीकडून ओरडत, "कीबोर्ड हाय माय, थो वखर नाई!" ती ओरडून उत्तर द्यायची, "वखर बरा जी, थो बोलत नाई!" गल्लीला बरं वाटलं. आवाज परत आला होता.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या मुद्देमालाच्या खोलीत. त्यानंतर महिन्याभरात मी मुलीकडे नागपूरला राहायला गेलो आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. त्या दिवशी तारीख होती, रशीदभाई, सुलोचना आणि मी असे तिघं गेलो होतो. खोलीत जप्त केलेल्या सायकली, दारूचे डबे, एक मोडका पाळणा, आणि खिडकीजवळच्या टेबलावर मशीन. भगतांनी बटण दाबलं. पडद्यावर शब्द मागणारी चौकट आली. रशीदभाईंनी भगतांना आणि मला दाराकडे तोंड करून उभं केलं. टायपिंगच्या मास्तराला आवाजावरून बोटं कळतात, कुठलं कुठे पडलं ते कळतं. म्हणून मी मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणायला लागलो. मला तो शब्द कळायला नको होता.

"उघडलं," सुलोचना म्हणाली.

आम्ही वळलो. पडद्यावर कोणाचं तरी गावजेवण होतं. ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन कडेची माणसं पाहत होती. "पारस गावच्या बाईचा मालक पाह्यजे न आज? टोपी असन म्हने डोक्यात. हा पाह्य, खांबाजवळ. हाच हाय."

रशीदभाई तिच्या मागे उभे होते. कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत होता. ते पडद्याकडे पाहत नव्हते, तिच्या बोटांकडे पाहत होते.

"रशीदभाऊ, पाहून काय राहिले? लाईट जाईन. घ्या न फोटू."

मी वाट पाहत होतो, आता हिची अक्कल निघते.

"हाव माय," ते म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. हात हलत होता. तिने उठून त्यांचं कोपर धरलं आणि फोटो निघेपर्यंत सोडलं नाही.